नऊ ओटे

किशोर सकपाळ नक्की काय काम करतो हे आमच्या वरच्या वाडीत कुणालाच धड सांगता येत नाही. मला येतं, कारण गेली पाच-सहा वर्षं त्याने ते माझ्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलंय. पण मी सांगायला लागलो की ऐकणारा घड्याळ बघायला लागतो. किशोरचं ऐकताना मीही तेच करत आलो, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही.

मी पोलादपूरला हायस्कुलात भूगोल शिकवतो. किशोर माझा वर्गमित्र. आमची घरं शेजारी शेजारी, माझ्या पडवीत खोकलं की त्याच्या चुलीपाशी ऐकू जाईल इतकी जवळ. उमरठच्या पुढे शेवटच्या थांब्यावर एसटी सोडायची, तासभर डोंगर चढायचा, मधे एक नाला ओलांडायचा, की आली वरची वाडी. घरं अकरा. पावसाळ्यात त्यातली चार उघडी असतात. माझं घर बंद असलेल्या सातांतलं आहे. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लपवल्यासारखं होईल.

किशोर लोणेऱ्याला इंजिनिअर झाला आणि पंधरा-सोळा वर्षं पुण्यात राहिला. लग्न झालं, ते दोन वर्षं टिकलं. त्याबद्दल तो बोलत नाही आणि मी विचारत नाही. आता वय सेहेचाळीस, वाडीत एकटाच राहतो, स्वतः भाकरी थापतो आणि त्या वाकड्या आल्या तरी मुकाट्याने खातो. त्याची कंपनी दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी असतात ती श्वास आणि नाडी दाखवणारी यंत्रं बनवते. त्या यंत्रांच्या पोटातला कोड तो लिहितो. वाडीत नेटचा पत्ता नाही. घराच्या मागे दहा मिनिटांवर एक टेप आहे, उघडा खडकाळ उंचवटा, तिथे मोबाईलला रेंज येते. सकाळ-संध्याकाळ तो लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिथे चढतो, लिहिलेला कोड मेलने पाठवतो, आलेले मेल उतरवून घेतो आणि खाली येतो. त्याच्या कोडवर बोलणारी माणसं परदेशात कुठे कुठे बसलेली आहेत. त्यातल्या एकाचाही आवाज त्याने कधी ऐकलेला नाही.

आता काम. संगणकाच्या आत एक कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकीचे प्रोग्राम त्याच्याकडे मेमरी मागतात, म्हणजे आपलं सामान मांडायला जागा मागतात, आणि तो देतो. पण कारभाऱ्याला स्वतःच्या कामालाही जागा लागते. एखाद्या प्रोग्रामला जागा मिळाली नाही तर तो बंद पडतो, आपण दोन शिव्या देतो आणि पुन्हा चालू करतो. कारभाऱ्यालाच ऐन वेळी मिळाली नाही, आणि मिळाली नाही तर काय करायचं हे कुणी आधी लिहून ठेवलेलं नसलं, तर सगळं यंत्रच जागच्या जागी थिजतं. किशोरचं काम एवढंच की कर्नलमधला कोड जिथे जिथे जागा मागतो, तिथे तिथे बोट ठेवून ‘आणि नाही मिळाली तर?’ असं विचारायचं, आणि त्याचं उत्तर लिहायचं.

हे उत्तर शंभरातल्या नव्व्याण्णव यंत्रांत कधी वापरलंच जात नाही. म्हणजे या माणसाने दिवसभर राबून लिहिलेला कोड बहुतेक करून नुसता पडून असतो. त्याने चांगलं काम केलं की काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून कुणी शाबासकी देत नाही. मी एकदा त्याला म्हटलं, की बाबा रे, माझी पोरं निदान नापास तरी होतात, मला कळतं मी काय शिकवलं ते. त्यावर तो मनापासून खूष झाला आणि म्हणाला की त्यांच्याकडेही मुद्दाम नापास करायची सोय असते. जागा शिल्लक असतानाही कर्नलला ‘नाही’ म्हणायला लावायचं आणि कोड कसा वागतो ते बघायचं. हे सांगताना त्याचा चेहरा इतका उजळला की मला वाईट वाटलं. एवढ्याशा गोष्टीने खूष होणारा माणूस फार दिवस कुणाशी बोललेला नसतो.

त्याच्या कंपनीच्या एका यंत्राची गोष्ट तो हमखास सांगायचा. एकोणचाळीस दिवस सुरळीत चाललं. चाळिसाव्या दिवशी नवा रुग्ण जोडला तर पडदा तसाच, आधीच्या माणसाची नाडी दाखवत. नशीब की नर्सच्या लगेच लक्षात आलं. शोधलं तेव्हा कळलं की मेमरी भरपूर शिल्लक होती, पण कोडला चार पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक मापाचे चार तुकडे, सलग हवी होती आणि रिकामी पानं विखुरलेली होती. मला कळेना, तेव्हा त्याने पंगतीवर आणून सांगितलं. चार माणसांच्या घराला शेजारी शेजारी बसायचंय. पंगतीत बारा पाट रिकामे आहेत, पण एक इथे, एक तिथे. चौघं आपले उभेच, आणि यजमान म्हणतो जागा तर पुष्कळ आहे. यावर उपाय दोन. एक तर लोक यायच्या आधीच चार पाट बाजूला काढून ठेवायचे आणि त्यावर नवरदेवाचा मामा आला तरी बसू द्यायचं नाही. नाहीतर सलग बसण्याचा हट्टच सोडायचा, चौघांना चार ठिकाणी बसवायचं आणि वाढणाऱ्याला सांगून ठेवायचं की हे एकच घर आहे.

आणि एक गोष्ट तो सांगायचा, ती मात्र मला तेव्हाच बोचायला हवी होती. वरच्या प्रोग्रामांना कर्नल बऱ्याचदा नुसता ‘हो’ म्हणून मोकळा होतो, जागा खरी लागेल तेव्हा बघू म्हणतो. सगळे एकदम मागायला आले की उघडं पडतं. कर्नलच्या स्वतःच्या कामात असला ‘हो’ चालत नाही. तिथे हातात आली तेवढीच जागा खरी.

किशोर वाडीत परत का आला, हे सांगायला हवं. करोनाच्या आदल्या पावसाळ्यात त्याची आई, राहीबाई, छातीत दुखायला लागून आडवी झाली. वाडीत आजारी माणूस डोलीतून खाली नेतात, बांबूला घोंगडी बांधून. त्याला चार गडी लागतात, हा वाडीचा नियमच आहे. सपाटीला दोघं उचलतात, दोघं बदलीला. पण नाल्याच्या उतारावर पुढे दोघं आणि मागे दोघं धरल्याशिवाय डोली घसरते. त्या दिवशी वाडीत तीन गडी होते. वाडीची माणसं सगळी मिळून दोनशेच्या घरात आहेत, गणपतीत आली की झोपायला जागा पुरत नाही. पण ती नालासोपाऱ्यात, विरारला, कांदिवलीत. किशोर पुण्यात होता, मी पोलादपुरात एका लग्नाची जिलेबी खात होतो. तिघं चौथ्याची वाट बघत बसले. चौथा खालच्या गावातून येईपर्यंत अडीच तास गेले. राहीबाई नाल्याच्या अलीकडेच गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर किशोर मला एवढंच म्हणाला, “तीन म्हणजे शून्यच रे, मास्तर.” पुढच्या वर्षी सगळे पुण्या-मुंबईहून पळून गावाकडे आले, तसा तोही आला. बाकीचे परत गेले आणि हा राहिला.

तो राहिला बयाकाकूसाठी. बयाबाई त्याची सख्खी चुलती, राहीबाईंची जाऊ. वय ऐंशीच्या पुढे, वजन बेचाळीस किलो, जीभ मात्र अजून विशीतली. नवरा गेलेला, मुलगा राहुल विरारला, आणि काकू वाडी सोडायला तयार नाहीत. दम्याचा त्रास. दर पावसाळ्यात एक-दोनदा छाती भरून यायची. किशोरच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, की आईच्या वेळी झालं ते काकूच्या वेळी होता कामा नये. बाकी त्याला आयुष्याकडून काही हवं आहे असं मला कधी दिसलं नाही.

गेल्या वर्षी चैत्रातच त्याने वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, की पावसाचे चार महिने आळीपाळीने एकेक गडी वाडीत येऊन राहील का. ग्रुपात एकशे त्रेसष्ट माणसं. एरवी सकाळी उठून एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतात. चाळीस-पंचेचाळीस अंगठे आले, हात जोडलेले आले, एकाने तर झेंडा पाठवला. किशोरने त्यातल्या प्रत्येकाला टेपावर बसून फोन केला. तीन दिवस लागले. कुणाची सुट्टी नव्हती, कुणाची पाठ दुखत होती, एकाला वाटलं होतं की हा गणपतीच्या वर्गणीचा मेसेज आहे. शेवटी वाडीत राहणारे तिघंच राहिले: किशोर स्वतः, साठी ओलांडलेला येसाजी आणि येसाजीचा धाकटा भाऊ कोंडाजी.

अक्षय्य तृतीयेला मी वर गेलो होतो. किशोरने विचारलं, फोन आला तर सव्वा तासात नाल्यापर्यंत पोचशील का. हे तिघं डोली नाल्यावर आणतील, तिथे चौथा लागेल. मी म्हटलं न पोचायला काय झालं, एरवी एसटीने येत असलो तरी घरी मोटरसायकल आहे, पाय आहेत.

“मग तुला मोजू?” त्याने विचारलं.

“मोज की,” मी म्हणालो. तोंडात बिस्कीट होतं, तेही काढलं नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर हा वाटेवर दगड रचत बसलेला. कमरेइतका उंच, वर सपाट, असा एक ओटा नाल्याच्या अलीकडे झाला होता आणि दुसरा चालला होता. मेअखेर असे नऊ ओटे झाले, वाडीपासून थांब्यापर्यंत, प्रत्येक अवघड वळणाच्या आधी एक. मी त्याची यथेच्छ चेष्टा केली. म्हटलं, एवढे देव आणणार कुठून? त्याने घाम पुसला आणि म्हणाला की ओझं टेकवायला बरे. मैना त्याला दगड आणून देत होती. ही वाडीतली चौथ्या उघड्या घरातली बाई, नवरा कांदिवलीला, रोज लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन हीच वाट चढते-उतरते. तिच्यासाठीच केले असतील, असं मी धरून चाललो. त्याच्या पडवीत एक जुनी लाकडी खुर्ची टांगलेली होती, पाय कापलेली, पाठीला फळी ठोकलेली, गोणीच्या जाड पट्ट्या लावलेली. मी म्हटलं, खुर्ची बसायला असते, टांगायला नाही. तो नुसता हसला.

मग पावसाळा लागला आणि किशोरचे फोन वाढले. पावसात त्या टेपावर, प्लास्टिकच्या कागदाखाली बसून तो मला रोज फोन करायचा. बोलायचं काय, तर कुठल्याशा कोडमध्ये एक जागा मागून झाल्यावर दुसरी मिळाली नाही, तर पहिली परत द्यायला लिहिणारा विसरला होता, ती कशी सापडली. पहिली दहा मिनिटं मी हुंकार द्यायचो. मग फोन स्पीकरवर टाकून वह्या तपासायचो. त्याला ते कळत असणार, कारण मधेच तो म्हणायचा, “बरं, तू काम कर,” आणि तरी आणखी दहा मिनिटं बोलायचा. एका शनिवारी तर त्याने पन्नास मिनिटं घेतली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, श्रावणातल्या रविवारी, सकाळी अकराला त्याचा फोन आला. मी पलंगावर लोळत होतो. बाहेर पाऊस कोसळत होता, आत भज्यांचं तेल तापलं होतं. पडद्यावर ‘किशोर’ दिसलं आणि मला खरोखर वैताग आला. म्हटलं, जेवून करू. फोन वाजत वाजत थांबला. परत वाजला नाही, म्हणून मला बरंच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं हे खरं आहे.

तीनला मी लावला तर त्याचा लागेना. त्यात नवीन काही नव्हतं. चारला त्यानेच केला, आवाज नेहमीसारखा. म्हणाला, बयाकाकूला ग्रामीण रुग्णालयात आणलंय, आता ठीक हाय, घाई करू नको, पाऊस जास्त हाय.

मी छत्री न घेताच गेलो. काकू ऑक्सिजनवर होत्या, उशाशी ते नाडी दाखवणारं यंत्र. किशोर खुर्चीवर बसून यंत्राकडे बघत होता, अंगावरचे कपडे चिखलाने भरलेले. मी आत गेल्यावर म्हणाला की हे त्यांच्या कंपनीचं नाही. डॉक्टर म्हणाले की आणखी तास-दोन तास उशीर झाला असता तर अवघड होतं.

बाहेर व्हरांड्यात मैना आणि कोंडाजी बसले होते. मैनाने दोन्ही खांद्यांना ओला फडका लावला होता. मी तिला विचारलं, डोली कुणी उचलली. ती सांगायला लागली. सकाळी काकूंचे ओठ निळे पडले. किशोर टेपावर पळाला, दोन फोन करून आला, एक मला आणि एक थांब्याजवळच्या दुकानदाराला, ईको गाडी तयार ठेव म्हणून. खाली आल्यावर म्हणाला, चौथा नाही, खुर्ची काढा. काकूंना खुर्चीत बसवून चादरीने बांधलं. एक जण खुर्ची पाठीवर घेणार, पुढच्या ओट्यापर्यंत नेणार, ओट्यावर टेकवून खांदे मोकळे करणार, की दुसऱ्याने घ्यायची. बाकीचे नुसते बाजूला, हात द्यायला. चौघांनी एकदम उचलायची गरजच नाही. येसाजीचे गुडघे पहिल्या ओट्यालाच बोलायला लागले, तो मागे फिरला. बाकीचे सगळे टप्पे किशोर, कोंडाजी आणि मैनाने वाटून घेतले. नाल्याचा उतार मैनाने केला. रोज जवळजवळ तेवढंच ओल्या लाकडाचं ओझं घेऊन ती तिथेच पाय रोवते.

आमच्या वाडीत चार गडी मोजायचे म्हणजे चार पुरुष मोजायचे. राहीबाई गेल्या त्या दिवशीही मैना वाडीतच होती, पाण्याचा तांब्या घेऊन डोलीशेजारी उभी. तिला कुणी मोजलं नाही, आणि मला मोजा असं तीही म्हणाली नाही. डोलीला बाईने खांदा द्यायचा नाही, हे तिलाही तितकंच पाठ होतं. खुर्चीचा असा काही नियम अजून झालेला नव्हता.

मी म्हटलं, ऐन वेळी बरं सुचलं त्याला.

“ऐन वेळी कसलं, मास्तर,” मैना म्हणाली. “मिरगाच्या आधी दोनदा करून बघितलं व्हतं. खुर्चीत तांदळाची गोण बांधून. मास्तर आला नाय असं धरून.”

तिने ते टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं. तिच्या दृष्टीने तो नुसता तपशील होता. ओटे, खुर्ची, त्याचं ते हसणं, सगळं एकदम जागेवर बसलं. मी हो म्हणालो त्याच आठवड्यात त्याने पहिला दगड ठेवला होता.

काकू बाराव्या दिवशी बऱ्या झाल्या. राहुल विरारहून आला आणि दवाखान्यातूनच त्यांना घेऊन गेला. त्याचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. काकू गाडीत बसताना किशोरचा हात सोडत नव्हत्या. “मला डोंगरातच मरू दिलं आसतंस तर काय बिघडलं आसतं रे तुजं?” असं म्हणाल्या आणि रडल्या. गाडी महाडच्या रस्त्याला लागेपर्यंत किशोर उभा होता. ज्या एका गोष्टीसाठी तो वाडीत राहिला होता ती त्याने करून दाखवली, आणि त्यामुळेच वाडीतलं एक घर आणखी बंद झालं. आता उघडी तीन.

महिनाभर मी वर गेलो नाही. शाळा होती, गणपती होते, कारणं भरपूर होती. किशोरचा फोनही येत नव्हता. पूर्वी ज्या वेळेला यायचा त्या वेळेला मी फोन समोर घेऊन बसायचो. एकदा मीच लावला. चार मिनिटं बोललो, मग तो म्हणाला, बरं, तू काम कर, आणि या वेळी खरंच ठेवला.

शेवटी भाद्रपदातल्या एका रविवारी गेलो. पाऊस उघडला होता. नऊही ओट्यांवर शेवाळ चढलं होतं, आणि प्रत्येक ओट्यापाशी मला थांबावंसं वाटलं. किशोर पडवीत कोड वाचत होता. खुर्ची पुन्हा जागेवर टांगलेली, पट्ट्या धुतलेल्या. त्याने चहा केला. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग जे बोलायला आलो होतो ते बोललो. म्हणालो, त्या दिवशी फोन दिसला होता. मुद्दाम उचलला नाही.

“माहीत हाय,” तो म्हणाला. “पूर्ण वाजला ना. रेंज नसती तर वाजला नसता.”

“मग शिव्या तरी घाल.”

“कशाला? मागितलं की मिळंलच असं धरून लिहायचंच नसतं. तू हो म्हणालास तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. पण त्याच्या भरवशावर काकूला ठेवता येत नव्हतं.” मग तो म्हणाला, “आईच्या वेळी मी पण त्या दोनशेतच होतो ना.”

तो रागावला असता तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. ती सोय त्याने ठेवली नव्हती. मी विचारलं, आणि तुला काही झालं तर तुला कोण नेणार? त्याचं वजन पंच्याहत्तर किलो, कोंडाजीला ते झेपणार नाही, येसाजीचे गुडघे गेलेले. तो हसला आणि म्हणाला की ती केस अजून लिहिलेली नाही. मग लॅपटॉप पिशवीत घालून टेपाकडे निघाला, अर्ध्या तासात येतो म्हणाला.

मी एकटाच बसलो. कोनाड्यात एक दोनशे पानी वही होती. दुसऱ्याच्या वहीत डोकवायची मास्तरांना सवयच असते. पहिल्याच पानावर ‘बयाकाकू’ असं लिहून खाली चार नावं होती आणि प्रत्येक नावापुढे दोन रकाने: ‘आला तर’ आणि ‘नाही आला तर’. येसाजीपुढे, कोंडाजीपुढे दोन-दोन ओळी. चौथं नाव ‘मास्तर’. तारीख अक्षय्य तृतीयेचीच, मी उतरून गेल्यावर लिहिलेली असणार. ‘नाही आला तर’च्या रकान्यात बारीक अक्षरात पान भरलेलं होतं: खुर्ची, पट्ट्यांची रुंदी, ओट्याची उंची, कुठल्या वळणाआधी ओटा, मैनाला विचारणे, गोण बांधून दोनदा चालून बघणे, मास्तरला हे सांगू नये, वाईट वाटेल.

‘आला तर’च्या रकान्यात एकच ओळ होती. ‘काकूला गाडीत बसवून झाल्यावर, मुक्कामाला राहशील का विचारणे.’

मी वही होती तशी ठेवली. सहा वर्षांत त्याने मला हे एकदाही विचारलेलं नाही. आणि विचारणार तरी कधी? दर खेपेला उंबऱ्यातून आत पाऊल टाकता टाकता मी पहिलं वाक्य तेच बोलायचो, त्या दिवशीही बोललो होतो, की मला साडेपाचची एसटी गाठायची आहे.